‘वेडात मराठे’ ही ओरडायची कविता नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेले दोन आठवडे आपल्या ‘वाचकांचा पत्रव्यवहार’मध्ये नेसरीच्या लढाईवरून जुंपली आहे. शिवाजी महाराजांचे सरनौबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजर विजापूरच्या बहलोलखानावर धावून गेले तेव्हा त्यांच्याबरोबर सहाच जण होते की जास्त, त्यांची म्हणून सांगितली जाणारी नावं खरी की मागाहून जोडलेली, महाराजांचं पत्र होतं की तोंडी निरोप. सगळी पत्रं मी चष्मा पुसून पुसून वाचली. मी इतिहासाचा माणूस नाही, त्यामुळे त्या वादात पडत नाही. पण हा सातचा आकडा ज्या कवितेनं घरोघर पोचवला, त्या कुसुमाग्रजांच्या कवितेबद्दल एकानंही चार शब्द लिहिले नाहीत. त्यातल्या त्यात तिच्या ठेक्याबद्दल लिहायचा थोडा अधिकार मला आहे असं मला वाटतं. फौजेत बावीस वर्षं मी पलटणीच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवला. आता गडहिंग्लजला असतो आणि गुरुवारी भजनी मंडळात पखवाजाला बसतो.

पत्राला निमित्त घरचंच आहे. माझी नात आठवीत आहे. २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, आपल्याकडे मराठी भाषा गौरव दिन असतो. नेसरीची लढाई २४ फेब्रुवारी १६७४ ची. दोन्ही तारखा तीन दिवसांच्या अंतरानं येतात म्हणून आमच्या भागात त्या आठवड्यात जिथं जाल तिथं हीच कविता. तालुक्यातल्या एका शाळेत पाठांतर स्पर्धा होती. नातीनं महिनाभर तयारी केली, निम्मी माझ्यापाशी बसून. शेवटच्या कडव्याला तिनं आवाज खाली आणला, शेवटचा ‘गात’ जवळजवळ पुटपुटली. परीक्षकांच्या कागदावर शेरा आला, ‘आवेश कमी पडला’. पहिला नंबर फेटा बांधून, पुठ्ठ्याची तलवार उगारून आलेल्या एका पोराला मिळाला. त्यानं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच पट्टीत आरोळी ठोकली होती. त्या पोराचा दोष नाही, त्याला तसंच शिकवलेलं.

घरी आल्यावर नात म्हणाली, “आबा, मी वरडलो नाही म्हणून मार्क कापले.”

तिला काय सांगितलं ते पुढं येईल. आधी ठेका.

फौजेतून आल्यावर बरीच वर्षं मी ही ओळ मनातल्या मनात ड्रमवर बसवून बघत होतो आणि ती बसत नव्हती. ‘वेडात मराठे वीर दौडले सात.’ मी ‘वे’वर ठोका द्यायचो आणि शेवटी ‘सात’ला येईपर्यंत हात भलतीकडे गेलेला असायचा. एकदा भजनात आठ मात्रांचा ठेका चालू असताना सहज ही ओळ गुणगुणली आणि डोक्यात उजेड पडला. ठोका ‘वे’वर नाहीच, तो ‘डा’वर आहे. ‘वे’ या दोन मात्रा ठोका पडायच्या आधी येतात. मग डात-मराठे आठ मात्रा, वीर-दौडले आठ मात्रा, आणि ‘सात’च्या तीन, वर एक मात्रा गप्प बसायची. दोन, आठ, आठ, चार. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाची दोन, जोडाक्षराआधीचं अक्षर दीर्घ, हा शाळेतला हिशोब कुणीही बोटावर करून बघावा.

आता त्या आठ मात्रा आतून कशा मोडतात बघा. डात, मरा, ठे. वीर, दौड, ले. तीन, तीन, दोन. परत तीन, तीन, दोन. फौजेतल्या माणसाला हे लगेच खटकतं, कारण कवायतीची चाल अशी नसते. पायदळ बायाँ-दायाँ चालतं, सरळ दोन-दोनच्या हिशोबात. तीन-तीन-दोनवर कंपनी चालवायला गेलात तर पहिल्या दहा पावलांत रांग मोडेल. ही चाल माणसाच्या पायांची नाहीच, ती घोड्याची आहे. आणि आधीच्या त्या दोन मात्रा कशाच्या, तर रिकिबीत पाय टाकायच्या. हे मी लावलेलं नाही, कवीनं स्वतःच तशी ओळ लिहून ठेवली आहे:

रिकिबीत टाकले पाय, झेलले भाले

रिकि ठोक्याआधी, मग बीत, टाक, ले. पाय, झेल, ले. भाले. ‘रिकिबीत’ हा शब्द मधोमध तुटतो आणि पाय टाकायच्या ऐन क्षणाला ठोका पडतो. पाय रिकिबीत गेला आणि घोडं उधळलं. मी स्वयंपाकघरातला पोह्यांचा स्टीलचा डबा पालथा घालून माझ्या जुन्या काड्यांनी हे नातीला वाजवून दाखवलं. डब्याला पोचा आला आणि आमच्या मंडळींनी मला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. पण पोरीच्या डोक्यात ठेका पक्का बसला.

गंमत अशी की ही दौड सगळ्या कवितेत सारखी चालत नाही. दौडीच्या आधी सरनौबतांचे डोळे किंचित ओले होतात, तिथं ‘डोळे किंचित’ हे शब्द चार-चार मात्रांत सरळ पडतात. घोडं अजून उभं आहे, लगाम ओढलेला आहे. पुढच्याच ओळीत सरदार सहा उठतात आणि तीन-तीन-दोन सुरू होतं. छावणीत शिरताना ‘थेट भेट’, तीन आणि तीन, यमकासकट, जशी काय दाराला दोन थापा. आणि उल्का कोसळतात तिथं ऐका. को, मग सळ, ल्या, उल्, का. दोन, दोन, दोन, दोन. इतका वेळ पळत आलेली ओळ तिथं जड पावलांनी खाली येते. ‘उल्का’तला तो अर्धा ल् जीभ अडवतो. घोडे तिथं पडले असं मी समजतो.

युद्धाची कविता म्हटली की माणसाला वाटतं तलवारी खणाणणार, रक्ताचे पाट वाहणार, मुंडकी उडणार. आमच्याकडे पोवाड्याची परंपरा आहेच. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा घ्या नाहीतर तुळशीदासाचा सिंहगडाचा, शाहीर तुम्हाला सगळं दाखवतो, घोडा कुठला, शेला कुठला, कुणी कुणाला काय म्हटलं, आणि मागं झीलकरी जी जी करत धरून ठेवतात. कुसुमाग्रजांच्या कवितेत लढाई आहे कुठं? बारकाईनं बघा. हातघाईला मोजून तीन ओळी, त्यातली पहिली ही:

खालून आग, वर आग, आग बाजूंनी

याच्यात तीनदा ‘आग’. पहिली आठ मात्रांच्या आवर्तनाच्या मधे, दुसरी बरोबर ठोक्यावर, तिसरी तिला चिकटून. ठेका तोच, तीन-तीन-दोन, पण शब्द एकच असल्यामुळे घोडा जागच्या जागी गरगर फिरल्यासारखा वाटतो. बाहेर पडायला वाट नाही. त्यानंतर सहस्र समशेरी उसळतात, सात जीव गर्दीत लोपतात आणि लढाई संपते. एकाही माणसाचं नाव नाही. ‘प्रतापराव’ हा शब्दसुद्धा सगळ्या कवितेत नाही. नावांवरून भांडणाऱ्या पत्रलेखकांनी हे एकदा पाहावं. (समशेरींच्या ओळीतलं ‘क्रूर इमानी’ मात्र मला आजवर नीट लागलेलं नाही. शत्रूच्या समशेरी क्रूर हे समजलं, इमानी का? यमकासाठी म्हणावं तर कवी असा यमकासाठी शब्द ढकलणारा नव्हे. कुणाला माहीत असेल तर कळवावं.)

आता अक्षरांकडे येतो. आपल्या मराठीत ळ आहे. हिंदीवाले जवान माझ्या नावातल्या ळचा ल करून हाक मारायचे, म्हणून असेल, पण या अक्षराकडे माझा कान जरा जास्तच लागलेला असतो. या कवितेत म्यानातून पात उसळते. मग धुळीचे मेघ उसळतात. मग उल्का कोसळतात, जळत. मग शत्रूच्या समशेरी उसळतात. शेवटी खग जळाले. उसळणं, कोसळणं, जळणं. सगळी कथा या एका ळवर चढते आणि उतरते. हे लक्षात आल्यावर मी शेवटचं कडवं परत वाचलं, ळ कुठं सापडतो का बघायला. त्या चार ओळींत एकही ळ नाही. तिथं टाचा आहेत, रंग आहे, माती आहे, आणि शेवटी विराणी, कुणी, वाऱ्यावर, म्हणजे नुसते र आणि ण, फुंकर घातल्यासारखे.

तसाच सातचा आकडा. धृपद सोडलं तर ‘सात’ हा शब्द दौडीच्या कडव्यांतच येतो, मेघ सात, माना सात, उल्का सात, जीव सात, खग सात. शेवटच्या कडव्यात तो नाही. मोजायला कुणी उरलेलंच नाही. मेघ मात्र परत येतो. आधी तो सातांच्या घोड्यांच्या धुळीचा होता, आता नुसता मातीचा. आणि ‘अजून’ तीनदा, लागोपाठ तीन ओळींत, तिन्ही वेळा दुसऱ्या आवर्तनाच्या बरोबर पहिल्या ठोक्यावर. ड्रमवाल्याला हे आपोआप हाताला लागतं. अजून, अजून, अजून, जसा लांबून येणारा एकेक ठोका.

पुष्कळ मुलं शेवटच्या कडव्याच्या पहिल्या ओळीत ‘टाचा’च्या जागी ‘टापा’ म्हणतात. घोडे आहेत म्हणजे टापाच असणार असं वाटतं. पण रक्ताचा, मातीचा यांच्याशी यमक टाचांचं जुळतं. आणि टाच माणसाची असते, घोड्याच्या बरगडीत मारायची.

या यमकांचीही एक रीत आहे. महाराजांचं पत्र वाचून संताप होतो त्या कडव्यात ओठ, गाठ, काठ अशी यमकं येतात. ‘दात दाबिती ओठ’ हे दात न दाबता म्हणून दाखवा बरं. ठ म्हणताना जीभ टाळूला लागते, आवाज आतच अडकतो. दौड सुरू झाली की यमकं मोकळी सुटतात, ओले, शेले, भाले, मग सेना, माना. तोंड उघडं, श्वास बाहेर. आणि प्रत्येक कडव्याची चौथी ओळ ‘आत’वर येऊन थांबते, रात, पात, निमिषात, दर्यात, वणव्यात, म्हणजे धृपद यायच्या आधीच ‘सात’चा आवाज कानात घुमायला लागलेला असतो. पळून जायला जागा ठेवलेली नाही, प्रत्येक कडवं त्या सातांपाशी येऊन पोचणारच.

बहुतेकांना ही कविता गाण्यातूनच माहीत आहे. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, १९७४ साली, ‘शिवकल्याण राजा’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज. ते मी बराकीत रेडिओवर ऐकलं आणि जेवणाचं ताट हातात तसंच राहिलं. पण गाण्यात सुरुवातीची, पत्राची कडवी घेतलेली नाहीत, गाणं थेट म्यानातून उसळणाऱ्या पातीपासून सुरू होतं. गाण्याची तशी गरज असणार, तक्रार नाही. तोटा एवढाच झाला की ही झुंज एका टोचणाऱ्या पत्रापासून सुरू होते हे लोक विसरले. सभासद बखरीत महाराजांचा निरोप आहे, खानावर फत्ते करा, नाहीतर तोंड न दाखवणे. खरं तर उमराणीला प्रतापरावांनी बहलोलखानाला कोंडीत पकडून सोडून दिला, त्याचा तो राग. कवितेत मात्र सेना रण सोडून पळाली असं येतं. म्हणजे कवीनं इतिहास वाकवला आहे, आणि ज्यांना वाद घालायची हौस आहे त्यांनी तिथं घालावा. त्याच कडव्यात अबलाही आता लाजतील अशी ओळ आहे. आमची सूनबाई म्हणते, ती गाण्यात वगळली तेच बरं झालं. मी तिच्याशी वाद घालत नाही.

मुंबईच्या इंग्रजांचा दुभाष्या नारायण शेणवी यानं १६७४ मध्येच कळवलेल्या बातमीत, प्रतापराव दोन डोंगरांच्या मधल्या अरुंद वाटेत सहा स्वारांनिशी पडले आणि बाकीचं सैन्य मदतीला आलं नाही, असं येतं. कवितेत त्या मागं राहिलेल्या सैन्याला एकच विशेषण मिळालं आहे, आश्चर्यमुग्ध. हा पुस्तकी शब्द मला पूर्वी बोचायचा. आता बोचत नाही. आश्, मग चर्य, मुग्ध, टा. बाकीची सेना तोंड उघडं टाकून उभी आणि ओळ मात्र तिला सोडून तीन-तीन-दोननं निघून गेलेली.

आता नातीला काय सांगितलं ते. लोकांना वाटतं बँडवाले म्हणजे परेडला आणि लग्नाला. लढाईची वेळ आली की पलटणीत ड्रम आणि बॅगपाइप गोदामात जमा होतात आणि बँडवाल्यांच्या हातात स्ट्रेचर येतं. डिसेंबर १९७१ मध्ये मी एकोणीस वर्षांचा होतो. पूर्वेच्या आघाडीवर भाताच्या कापलेल्या शेतांतून आम्ही दोघं पुढं, दोघं मागं असे जखमींना उचलून आणत होतो. स्ट्रेचर उचललेल्या माणसाला आरोळी ठोकता येत नाही. चौघांची पावलं जुळावी लागतात, नाहीतर वरच्याला हिसका बसतो. आम्ही हळू आवाजात मोजायचो, एक दोन, एक दोन. पहिल्या रात्री ज्याला आणलं तो माझ्याच बाजूचा, चंदगडकडचा. वाटेत तो बोलत होता, बांध ओलांडल्यावर बोलायचा थांबला. आम्ही मोजत राहिलो.

पुढं फौजेत अंत्यसंस्काराच्या परेडला कितीतरी वेळा वाजवलं. तिथं ड्रमवर काळं कापड बांधतात म्हणजे आवाज दबतो, घुमत नाही. ‘शोक शस्त्र’ची आज्ञा होते, जवान बंदुकीची नळी खाली करतात, आणि स्लो मार्च सुरू होतो. ठोके सारख्या अंतरावर, सरळ, त्यात तीन-तीन-दोन अजिबात नसतं. या कवितेची शेवटची ओळ मी बोटांनी वाजवून बघितली तेव्हा मला तेच हाताला लागलं. ‘कुणी वाऱ्यावर गात.’ कुणि, वाऱ्, या, वर. दोन, दोन, दोन, दोन. घोडं नाही, दौड नाही. कापड बांधलेला ड्रम. म्हणून मी पोरीला म्हटलं होतं, तिथं आवाज खाली आण, आणि ‘गात’ म्हणून झाल्यावर पुढची एक मात्रा गप्प राहा. ‘गात’च्या पुढं ‘आहे’ नाही, वाक्य तसंच लोंबकळत ठेवलं आहे.

स्पर्धेनंतरच्या रविवारी आम्ही दोघं एसटीनं नेसरीला गेलो. स्मारकापाशी गर्दी होती, कुठल्या तरी मंडळानं गाडीवर भोंगे लावले होते आणि हेच गाणं खाली ढोल भरून वाजवत होते, सगळा ठेका चारात चेचून. पोरं नाचत होती. नातीनं कानात बोटं घातली. आम्ही खिंडीच्या कडेनं खाली उतरून ओढ्याकडे गेलो. फेब्रुवारी सरत आलेला, ओढ्यात पाणी नव्हतंच म्हणायचं, दगड आणि वाळकं गवत. तिथं भोंग्याचा आवाज थोडा कमी येत होता. ती एका दगडावर बसली आणि बोटानं ठेका धरून शेवटचं कडवं म्हणाली, तिच्या पद्धतीनं. ‘गात’ झाल्यावर एक मात्रा थांबली आणि मग हळूच धृपदावर आली. मी ठोका दिला तो ‘डा’वर.

परीक्षकांना माझी एवढीच विनंती आहे की पुढच्या वर्षी गुणपत्रिकेत ‘आवेश’ या रकान्याशेजारी ‘ठेका’ हाही रकाना ठेवावा. आणि तेवढं ‘क्रूर इमानी’चं कुणीतरी सांगावं.

आपला नम्र,
एक निवृत्त ड्रमवाला,
गडहिंग्लज, जि. कोल्हापूर